वाचक विचारतात : बाळंतपणाशिवाय पान्हा

दत्तक बाळाला अंगावर पाजता येतं, असं मागच्या अंकात एका छोट्या चौकटीत छापलं होतं. त्यावर पुण्यातून आणि पुण्याच्या आसपासून पत्रं आली. त्यांतली काही निवडून, नावं-पत्ते गाळून इथे घेतली आहेत. उत्तरं स्तनपान सल्लागार, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत. औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. चिठ्ठीशिवाय दुकानात जाऊन गोळ्या घेण्यासाठी नव्हे.

मला कधीच दिवस गेले नाहीत. मग दूध येणार कुठून? आलं तरी ते खऱ्या आईच्या दुधासारखं असतं का? – कर्वेनगर

दूध तयार करा, हा निरोप गर्भाशय देत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो, प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकातून. तयार झालेलं दूध पुढे ढकलणारं ऑक्सिटोसिनही तिथूनच सुटतं. बोंडाला ओढ बसली की ही दोन्ही वाढतात, मग ती ओढ बाळाची असो, हाताची किंवा पंपाची. गरोदरपणात वेगळं घडतं ते एवढंच, की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन नऊ महिने स्तनातल्या दूधग्रंथी वाढवत असतात आणि प्रोजेस्टेरॉनच दूध अडवूनही धरतं. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दोन-तीन दिवसांत पान्हा फुटतो. तुमच्या बाबतीत ही आधीची वाढ झालेली नसते. ती गोळ्यांनी घडवता येते, नाहीतर नुसत्या ओढीवर हळूहळू होऊ द्यावी लागते.

दूध येतं ते खरंच दूध असतं, त्यात प्रथिनं, साखर, स्निग्धांश आणि प्रतिपिंडं असतात. बाळंतिणीचा पहिला पिवळा चीक मात्र यात सहसा नसतो.

अपेक्षा मात्र आधीच नीट ठरवून घ्या. पहिले एक ते चार आठवडे नुसता चिकट पाण्यासारखा ओलावा दिसतो. मग पांढरट थेंब, मग चमचाभर. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १५० मिली दूध लागतं, म्हणजे चार किलोच्या बाळाला ६०० मिली. बाळंत न होता एवढं दूध येणाऱ्या बायका थोड्या. बहुतेकींना अंगावरच्या दुधासोबत वरचं दूध द्यावंच लागतं. आधी कधी बाळंत होऊन पाजलं असेल, तर पान्हा लवकर परततो.

केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी झाली आहे, घरभेटीचा अहवालही झाला. पंपिंग आत्तापासूनच सुरू करू का? – धनकवडी

नको. आमच्याकडे येणाऱ्या बायकांची सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

परदेशी माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं, बाळ येण्याच्या सहा महिने आधी सुरुवात करा. तिथे पुष्कळदा जन्मदात्री कोण आणि प्रसूतीची तारीख काय, हे दत्तक पालकांना आधी कळतं. आपल्याकडे तसं नसतं. बाल न्याय कायद्यानुसार आईवडिलांनी संस्थेकडे सोपवलेल्या बाळासाठी त्यांना ६० दिवस फेरविचाराची मुदत असते. बेवारस सापडलेलं, दोन वर्षांखालचं बाळ दत्तकासाठी मोकळं ठरवायला बाल कल्याण समितीला दोन महिन्यांपर्यंतचा अवधी दिलेला आहे. म्हणजे तुमच्या हातात येणारं बाळ क्वचितच दोन महिन्यांच्या आतलं असेल, पुष्कळदा त्याहून बरंच मोठं. तोवर ते शिशुगृहात बाटलीवर रुळलेलं असतं. त्यात प्रतीक्षा काही वर्षांची असते, आणि रेफरल, म्हणजे तुमच्यासाठी सुचवलेल्या बाळाची माहिती, आलं की बाळ राखून ठेवायला मिळतात ४८ तास.

अशा परिस्थितीत दोन वर्षं रोज आठ वेळा पंप लावणं हा शरीरावर आणि संसारावर अन्याय आहे. आमचा सल्ला असा. दत्तकाच्या नोंदणीच्या ‘केअरिंग्ज’ पोर्टलवर आपला क्रमांक दिसतो. तो पुढे सरकत असताना तपासण्या उरकून घ्या : थायरॉइड, प्रोलॅक्टिन, रक्तदाब, साखर, डॉक्टरांकडून स्तनांची तपासणी, शिवाय एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी. औषधं घ्यायचा विचार असेल तर ईसीजी. याच काळात हाताने दूध काढायची पद्धत शिकून ठेवा, त्याला खर्च नाही. बाळ स्वीकारलं की त्याच दिवशी पंपिंग सुरू करा. कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, घरी आणणं यात जाणारे दिवस-आठवडे ही तुमची पहिली पायरी.

बाळाला भेटायला जाल तेव्हा संस्थेतल्या मावशींना तीन गोष्टी विचारा : कोणती पावडर, किती वेळाने किती मिली, आणि बाटलीचं बूच कोणत्या प्रकारचं. पुण्यात ससून रुग्णालयाशी जोडलेल्या सोफोश या संस्थेच्या ‘श्रीवत्स’ शिशुगृहापासून इतर संस्थांपर्यंत प्रत्येकीची पाजण्याची वेळापत्रकं वेगळी असतात. पहिले आठ दिवस घरीही तेच चालू ठेवा. घर नवं, माणसं नवी, त्यात दूधही नवं, इतके बदल बाळाला एकदम सोसत नाहीत.

सरोगसीने बाळ येणार असेल तर गोष्ट वेगळी. तारीख माहीत असते, बाळ पहिल्या दिवशी हातात येतं. तिथे चार ते सहा महिन्यांची तयारी करण्यात अर्थ आहे.

मैत्रिणीने सांगितलं म्हणून दूध वाढवण्यासाठी दुकानातून डॉमपेरिडोनच्या गोळ्या मागितल्या, तर त्याने पँटोप्रॅझोल मिसळलेल्या कॅप्सूल दिल्या. त्याच चालतील ना? आणि कुटुंबनियोजनाच्या गोळ्याही घ्यायच्या असतात असं ऐकलं. – वाकड

त्या कॅप्सूल चालणार नाहीत, परत करा. ते ॲसिडिटीचं जोड औषध आहे. तुम्हाला नको असलेलं पँटोप्रॅझोल महिनोन् महिने पोटात जाईल. ते दीर्घकाळ घेतलं तर रक्तातलं मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आणि मॅग्नेशियम कमी असताना डॉमपेरिडोनचा हृदयावरचा धोका वाढतो.

आता मूळ पद्धत. कॅनडाचे बालरोगतज्ज्ञ जॅक न्यूमन आणि स्तनपान सल्लागार लेनोर गोल्डफार्ब यांनी ती मांडली. आधी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची संयुक्त गोळी काही महिने सलग घ्यायची, म्हणजे स्तनांना गरोदरपणाचा भास होतो. सोबत डॉमपेरिडोन, ज्याने प्रोलॅक्टिन वाढतं. बाळ येण्याच्या साधारण सहा आठवडे आधी संयुक्त गोळी बंद करायची, डॉमपेरिडोन चालू ठेवायचं आणि पंप सुरू करायचा. हाताशी वेळ कमी असेल तर संयुक्त गोळीचा काळ एक-दोन महिन्यांवर आणतात, दूधही त्या मानाने कमी येतं.

यात हमखास होणारी चूक ठरलेली आहे. आपल्याकडच्या पाकिटांत, उदाहरणार्थ माला-डीमध्ये, २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्या घ्यायला लागलं की संप्रेरकं थांबतात, पाळी येते आणि केलेली तयारी मागे पडते. या कामासाठी २१ संपल्या की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट उघडायचं असतं. मधूनच थोडा लाल डाग दिसला तर घाबरू नका. गोळी कायमची थांबवल्यावर मात्र पाळीसारखा रक्तस्राव होतो, तो अपेक्षितच आहे.

रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा येणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान, यांपैकी काहीही असेल तर इस्ट्रोजेनची गोळी घेऊ नये. मग औषधाविना, नुसत्या ओढीवर काम करायचं.

डॉमपेरिडोनची त्या पद्धतीतली मात्रा १० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा अशी सुरू होते आणि आठवड्याने २० मिलिग्रॅम चार वेळा, म्हणजे दिवसाला ८० मिलिग्रॅमवर जाते. हे वाचून लगेच घ्यायला लागू नका. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये हृदयाच्या ठोक्यांच्या धोक्यामुळे मळमळीसाठीही दिवसाला ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. अमेरिकेत हे औषध मंजूरच नाही, आणि तिथल्या नियामकाने दूध वाढवण्यासाठी ते वापरू नका असं २००४ मध्येच बजावलं. आम्ही स्वतः १० मिलिग्रॅम तीन वेळा, जेवणाआधी अर्धा तास, यापुढे सहसा जात नाही, आणि तेही आधी ईसीजी पाहूनच. घसा धरला म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन, अंगावर बुरशी आली म्हणून फ्लुकोनॅझोल किंवा कीटोकोनॅझोल, अशी औषधं सोबत घेऊ नयेत. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी सांगा की डॉमपेरिडोन चालू आहे. छातीत धडधड झाली किंवा चक्कर आली तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हे औषध एकदम तोडायचं नसतं, असं फारसं कुणी सांगत नाही. महिनोन् महिने घेऊन अचानक बंद केल्यास झोप उडणं, घबराट, रडू येणं असे त्रास होतात, आणि घरचे म्हणतात बाळाने दमली. मात्रा दर आठवड्याला १० मिलिग्रॅमने उतरवत न्या. मेटोक्लोप्रामाइड हे दुसरं औषध काही जण सुचवतात. त्याने नैराश्य येऊ शकतं. आधी कधी नैराश्य आलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पत्नीसाठी पंप घ्यायचा आहे. हजारापासून पुढे कितीही किमती दिसतात. कोणता घ्यावा? शिवाय शेजारणीचा आणून पाहिला तर दुखलं फार, आलं काहीच नाही. – सिंहगड रस्ता

शेजारणीच्या पंपाची चूक बहुधा मापाची आहे. बोंडावर बसणाऱ्या त्या फनेलला फ्लँज म्हणतात. डब्यात बहुतेक वेळा २४ मिलिमीटरचं एकच माप येतं, पण बाजारात २१, २४, २७, ३० अशी मापं मिळतात. बोंडाचा पायथ्याशी असलेला व्यास पट्टीने मोजा आणि त्यात दोन-तीन मिलिमीटर मिळवा. बोंड नळीच्या भिंतीला घासत असेल तर फ्लँज लहान आहे. भोवतालचा काळा भागही नळीत ओढला जात असेल तर मोठं आहे. दोन्ही बाजूंचं माप वेगळं असू शकतं. लावण्याआधी कडेला खोबरेल तेलाचा थेंब फिरवला तर घासणं कमी होतं.

रोज आठ वेळा काढायचं असेल तर हाताने दाबायच्या पंपाने मनगट धरून बसतं. दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागणारा विजेचा पंप घ्या. वेळ निम्मा लागतो आणि प्रोलॅक्टिनलाही त्याचा फायदा होतो. हॉस्पिटलमधले मोठे पंप भाड्याने मिळतात. दोन-तीन महिन्यांचंच काम असेल तर भाडं परवडतं.

जोर कमाल ठेवायचा नाही. दुखत नाही अशा सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवायचा. दुखलं की ऑक्सिटोसिन अडतं आणि असलेलं दूधही उतरत नाही. पहिला आठवडा दिवसातून चार वेळा, पाच ते सात मिनिटं. मग हळूहळू आठ वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं. त्यांतली एक वेळ रात्री एक ते पाचच्या दरम्यान हवी, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. मधे थांबून स्तनांना बाहेरून बोंडाकडे मालीश करायचं, पुढे वाकून हलकेच हलवायचं, पुन्हा पाच मिनिटं पंप. शेवटी हाताने काढायचं : अंगठा आणि दोन बोटं काळ्या भागाच्या कडेमागे ठेवून आधी छातीकडे दाबायची, मग पुढे आणायची. त्वचेवरून बोटं घासत न्यायची नाहीत. पहिले थेंब पंपाच्या नळ्यांत चिकटून वाया जातात. म्हणून सुरुवातीचं सगळं वाटीत हातानेच काढलेलं बरं.

आठवडाभर काहीच आलं नाही म्हणून पत्नी खचली असेल, तर बाटली झाकून पंप लावायला सांगा. बाटलीकडे टक लावून बसल्याने दूध वाढत नाही. या काळात मोजायचं ते किती वेळा काढलं हे, किती मिली आलं ते नव्हे.

चांगला चालणारा पंप दोन महिन्यांनी अचानक ढिला पडला, तर मोटर बिघडली असं समजून दुकानात धावू नका. आधी बदकाच्या चोचीसारखी सिलिकॉनची झडप पाहा. तिची चीर मिटत नसेल, उघडी राहत असेल, तर ओढ तिथेच सुटते. रोज आठ वेळा वापरात ती एक ते तीन महिन्यांत बदलावी लागते. तिच्या चिरेत ब्रश घालू नका. उकळताना भांड्यात पाणी भरपूर घ्या, पाच मिनिटं पुरेत. तळाला चिकटलेलं सिलिकॉन वाकडं होतं. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर नळी फ्लँजकडून काढा, पंपाला जोडलेलीच ठेवा आणि पंप दोन मिनिटं नुसताच चालवा. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने भागांवर पांढरा थर बसतो. तो पाण्यात व्हिनेगर घालून धुवा आणि उकळायला गाळलेलं पाणी वापरा.

स्तनाचा एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा झाला तर थंड शेक द्या, काढण्याच्या वेळा आहेत तशाच ठेवा, जोरात रगडू नका. ताप आला किंवा दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टर गाठा.

आमच्या सूनबाई बाळ दत्तक घेताहेत. मी अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शतावरी सगळं देते आहे. पण अजून पान्हा नाही. आणखी काय देऊ? – सदाशिव पेठ

आजी, लाडू बंद करू नका, पण दिवसातून आठ वेळा दूध काढायला वेळ मिळावा म्हणून सूनबाईंच्या हातातली कामं तुम्ही घ्या. लाडवांपेक्षा याने जास्त होईल.

अळीव, डिंक, खसखस, शेपू, बाजरी हे सगळं पौष्टिक आहे. अळिवात लोह भरपूर. पण स्तन रिकामे झाले नाहीत तर खाल्लेल्याचं दूध होत नाही. ते आईच्या अंगावर चढतं, एवढंच. मेथीदाण्याची पावडर चमचे-चमचे खाल्ल्यास जुलाब होतात, रक्तातली साखर उतरते. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ती देऊ नका. शतावरीने दूध वाढतं असं सांगणारे अभ्यास छोटे आहेत. वैद्यांच्या सल्ल्याने घ्यायला हरकत नाही, पण थायरॉइडची किंवा इतर कुठलीही गोळी तिच्या भरवशावर सोडायची नाही. पाणी तहान लागेल तेवढंच. तांब्यावर तांबे पाजण्याचा उपयोग नाही.

साडेतीन महिन्यांचं बाळ घरी आणलं. बोंडापाशी नेलं की पाठ ताठ करून रडतं. बाटली मात्र गटागट पितं. – हडपसर

बाटलीतून दूध लगेच येतं, तुमच्याकडून येत नाही. बाळाचं गणित सरळ आहे. तेव्हा तुमच्यापाशीही दूध लगेच यायला हवं.

त्यासाठी फीडिंग ट्यूबची पद्धत वापरतात. औषधांच्या दुकानात इन्फंट फीडिंग ट्यूब ५ किंवा ६ नंबरची मागा. नंबर जितका मोठा तितकी नळी जाड. नळीचं भोकं असलेलं टोक बोंडाच्या टोकापर्यंत येईल असं ठेवून कागदी चिकटपट्टीने स्तनावर चिकटवा. टोक बोंडाच्या पुढे आलं तर बाळ नळी स्ट्रॉसारखी चोखायला शिकतं आणि स्तन सोडतं. दुसरं टोक वरच्या दुधाच्या स्वच्छ वाटीत. वाटी स्तनापेक्षा वर धरली की दूध जोरात येतं, खाली नेली की हळू. पहिल्या दिवशी वर धरा, चोखताक्षणी घोट मिळू द्या. बाळ रमलं की रोज थोडी खाली आणा, म्हणजे त्याला ओढावं लागेल आणि ती ओढ तुमच्या कामी येईल. दर वेळी वीस-तीस मिनिटं, दोन्ही बाजूंना, दिवसात आठ ते बारा वेळा.

पावडरची गुठळी राहिली की नळी तुंबते. दूध गाळून घ्या. पाजून झालं की लगेच सिरिंजने कोमट साबणाचं पाणी आणि मग साधं पाणी नळीतून सोडा. नळी उकळू नका, ती कडक होते आणि बोंडाला टोचते. नळ्या स्वस्त आहेत, रोज नवी घ्या.

नळी नको असेल तर घरात दुसरं माणूस हवं. बाळ बोंडाशी असताना आई किंवा सासूबाईंनी चमच्याने किंवा बोंडल्याने स्तनावर वरून थेंब-थेंब दूध सोडायचं, ते ओघळत बाळाच्या तोंडात जातं. आपल्याकडच्या हॉस्पिटलांत हा उपाय पुष्कळ वापरतात.

वेळ निवडताना बाळ भुकेने कासावीस झालेलं असताना नेऊ नका. थोडं पाजून झाल्यावर, पेंगुळलेलं असताना न्या. तुम्ही दोघं उघड्या अंगाने एका पांघरुणात पडा, दूध न मागता नुसतं पडा. ताठ झालं, रडलं, की थांबा. डोकं धरून दाबलं तर पुढे आठवडाभर ते जवळही फिरकत नाही. साडेतीन महिन्यांच्या पुढे काही बाळं शेवटपर्यंत चोखत नाहीत. मग काढलेलं दूध वाटीने किंवा बोंडल्याने द्या. त्यातही दूध पोटात जातंच.

वरचं दूध कमी करण्याची घाई नको. दिवसभराच्या एकूण मापातून ५० मिली कमी करा आणि काही दिवस थांबून वजन पाहा. आठवड्याला किमान १२५ ग्रॅम वाढ, दिवसात सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू, हे असेल तरच पुढचे ५० मिली. वजन अडलं की लगेच आधीच्या मापावर या. पावडर पातळ करून ‘पुरवणं’ हा गुन्हा समजा. डब्यावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या, पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत पावडर कालवा, नंतर कोमट करून पाजा. कोणत्या कंपनीची पावडर घ्यावी हे आम्ही छापणार नाही. शिशुदुधाच्या जाहिरातीला १९९२च्या कायद्याने मनाई आहे, आणि हे ठरवणं तुमच्या बालरोगतज्ज्ञांचं काम आहे.

माझं वय ४७. गर्भाशय काढलेलं आहे. माझ्यासाठी हा विषय बंद समजायचा का? – चिंचवड

बंद नाही. गर्भाशय आणि बीजकोश दोन्ही नसले तरी प्रोलॅक्टिन पिट्युटरीतूनच येतं. पण या वयात मॅमोग्राफी आणि ईसीजी आधी, इस्ट्रोजेनचा निर्णय फक्त स्त्रीरोगतज्ज्ञांचा. आमच्या मते औषधांशिवाय, बाळाला नळी लावून पाजणं तुम्हाला जास्त सुरक्षित. जेवढं येईल ते येईल.

जाऊबाई त्यांचं होणारं तिसरं बाळ आम्हाला देणार आहेत. दोन महिने राहिले. त्यांचं दूध बाळाला दिलं तर माझं येणार नाही का? – बारामती

त्यांचं दूध द्या, आणि बाळाला पहिले काही दिवस तरी त्यांनीच पाजलं तर उत्तम. चीक तुमच्याकडून मिळणार नाही, त्यांच्याकडून मिळेल. त्याने तुमच्या दुधाला काही होत नाही, तुम्ही तुमचा पंप वेळच्या वेळी लावला म्हणजे झालं. पुढे त्यांनी काढलेलं दूध नळीतून तुमच्या अंगावर देता येईल.

दोन गोष्टी आधी करा. जाऊबाईंचे गरोदरपणातले एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) यांचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. आणि दत्तकाचं काम वकिलाकडे द्या. नातेवाइकाचं बाळ असलं तरी नुसत्या तोंडी कराराने ते तुमचं होत नाही. बाळ झाल्यावर जाऊबाईंचं मन बदललं, तर त्यांच्यावर दबाव आणू नका. तुमचं दूध आलेलं असलं तरी नाही.

शेजारच्या, ओळखीच्या कुणा बाळंतिणीचं दूध मात्र तसंच घेऊ नका. मानवी दूध पेढीत देणाऱ्या आईच्या तपासण्या होतात आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलं जातं. ससूनमध्येही दूध पेढी आहे, पण ते दूध आधी अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांना जातं. ठणठणीत बाळासाठी तिथे रांग लावणं बरोबर नाही.

बाळ यायच्या आधी काढलेलं दूध साठवायचं की टाकायचं? आमच्याकडे दर गुरुवारी वीज जाते. – मांजरी

साठवा. काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत ३० ते ६० मिली, वर तारीख. भरताना वर थोडी जागा सोडा, गोठल्यावर दूध फुगतं. साधारण २५ अंशांच्या खोलीत चार तास टिकतं. एप्रिल-मेमध्ये मांजरीला दुपारी बाहेर ठेवूच नका, लगेच फ्रिजमध्ये. फ्रिजच्या आतल्या भागात चार दिवस, दारात नाही. फ्रीझरमध्ये सहा महिने. गुरुवारची वीज चार-सहा तासांची असेल तर फ्रीझर उघडू नका, काही होत नाही. गच्च भरलेला बंद फ्रीझर दोन दिवसही थंड राहतो, अर्धा भरलेला एक दिवस. त्यामुळे रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. दुधात बर्फाचे कण उरले असतील तर पुन्हा गोठवता येतं. पूर्ण वितळलेलं फ्रिजमध्ये ठेवून एका दिवसात संपवा.

वितळवताना कोमट पाण्यात बाटली धरा. मायक्रोवेव्हमध्ये दूध एकसारखं तापत नाही, मध्येच चटका बसतो. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांनी टाकून द्या. औषधं चालू असतानाचं दूध साठवत असाल तर बाटलीवर तेही लिहा आणि बाळाच्या डॉक्टरांना विचारूनच वापरा.

पंप वापरून झाला. भाचीला देऊ का? – औंध

दुधाच्या बाजूची हवा मोटरपर्यंत जात नसेल, म्हणजे पंप बंद पद्धतीचा असेल, तर मोटर द्या. फ्लँज, झडपा, नळ्या, बाटल्या नव्या घ्यायला सांगा. उघड्या पद्धतीचा असेल तर आत दुधाची वाफ जाऊन बुरशी बसते, ती बाहेरून पुसून निघत नाही. तो देऊ नका.